वाचनालयात मोबाईल आणि एकटेपणावरचे सिनेमे दाखवायचे तर कुठले?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडजवळच्या तुमच्या वाचनालयात दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवस सोशल मीडिया आणि एकटेपणा या विषयावर सिनेमे दाखवायचेत, बघायला नववी ते बारावीची मुलं, त्यांचे पालक आणि वाडीतली वयस्कर मंडळी, आणि पालकांची मागणी अशी की सिनेमा बघून मुलांच्या हातातला मोबाईल सुटला पाहिजे. कुठले सिनेमे निवडू आणि कसे दाखवू, असं तुम्ही विचारलंय.

आधी पालकांच्या मागणीबद्दल बोलतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच बिनसते. बघून मुलं फोन सोडतील असा सिनेमा मला आजपर्यंत सापडलेला नाही, आणि त्या हेतूने काढलेले जे आहेत ते मुलं पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात आणि मागच्या रांगेत खिशातून फोन निघायला सुरुवात होते. मी गेली बरीच वर्षं चिपळूण ते राजापूर या पट्ट्यात शाळा, कॉलेजं, वाचनालयं, देवळाचे सभामंडप, जिथे जागा मिळेल तिथे पडदा बांधून सिनेमे दाखवतोय, लोकांबरोबर बसून बघतो, नंतर बोलतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय की ज्या सिनेमात फोन व्हिलन आहे तो सिनेमा लोक चहा पिऊन होईपर्यंत विसरतात, आणि ज्यात माणूस आधी एकटा पडलाय, का पडलाय ते आपल्याला दिसलंय आणि मग त्याच्या हातात फोन येतो, तो सिनेमा पुढे कित्येक महिने लोकांच्या बोलण्यात येतो. निवडताना एवढं एकच बघा, की हा माणूस कोणाची वाट बघतोय हे त्या सिनेमाला माहीत आहे का.

या हिशोबाने सगळ्यात आधी ज्याचं नाव तुम्हाला कोणीतरी सुचवणार तो 'द सोशल डायलेमा', २०२० ची डॉक्युमेंटरी, जेफ ऑर्लोव्स्कीची. त्यात गूगल, फेसबुक वगैरे कंपन्यांत काम केलेली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून सांगतात की ही यंत्रणा आपल्याला कशी धरून ठेवते. माहिती म्हणून चांगली आहे, खाली संपतच नाही असं पान म्हणजे इन्फिनिट स्क्रोल काढणारा एझा रास्किनसुद्धा त्यात आहे. पण मध्ये मध्ये एका कुटुंबाची रचलेली गोष्ट घातलीय, आणि मुलाच्या फोनमागचा अल्गोरिदम म्हणून एकाच नटाची तीन रूपं कंट्रोल रूममध्ये बसून बटणं दाबतायत असं दाखवलंय, तिथे आपल्याकडची मुलं हसतात. मोठ्यांना मात्र तो सिनेमा फार पटतो कारण त्यांना जे म्हणायचं होतं ते इंग्लिशमध्ये कोणीतरी म्हटलं. मी सांगेन की हा पालकांच्या मीटिंगला वीस मिनिटांचा तुकडा म्हणून लावा, मुलांना पूर्ण बसवू नका. यंत्र कसं चालतं ते कळतं, पण रात्री अकरा वाजता त्या पोराला ते यंत्र का लागतं, याबद्दल त्यात फार काही नाही.

पहिल्या दिवशी 'सर्चिंग' लावा. २०१८ चा, अनीश चगांती या भारतीय वंशाच्या अमेरिकन मुलाने केलेला, तो आधी गूगलमध्ये होता. अख्खा सिनेमा कॉम्प्युटर आणि फोनच्या स्क्रीनवरच घडतो, म्हणजे आपण बघतोय ते कोणाचं तरी डेस्कटॉप, कोणाचा तरी व्हिडिओ कॉल, कोणाचा तरी चॅट. गोष्ट अशी की सोळा वर्षांची मुलगी गायब होते, आई कॅन्सरने गेलेली, आणि बाप तिचा लॅपटॉप उघडून तिच्या मैत्रिणी शोधायला लागतो. एकेकाला फोन लावतो आणि हळूहळू त्याला कळतं की जिला आपण मैत्रीण समजत होतो ती हिला धड ओळखतही नाही, पियानोचा क्लास तर हिने सहा महिन्यांपूर्वीच सोडलाय, बाप दर आठवड्याला पैसे देतोय. थ्रिलर आहे त्यामुळे मुलं जागची हलत नाहीत, पोलीस, धागेदोरे, सगळं आहे.

पण मी तो निवडतो तो एका छोट्या जागेसाठी. सुरुवातीला बाप मुलीला मेसेज करत असतो, तुझा अभिमान वाटतो असं काहीतरी, आणि पुढे तो टाइप करतो की आईलाही वाटला असता. कर्सर लुकलुकत राहतो. मग तो ती ओळ एकेक अक्षर करत पुसतो आणि पाठवतच नाही. स्क्रीनवर चेहरा नाही, संवाद नाही, फक्त लिहिलेलं आणि पुसलेलं. आख्ख्या घराचं दुःख त्या पुसण्यात आहे, आणि व्हॉट्सॲपवर समोरचा टाइप करतोय असं दिसून मग काहीच न आल्याचा अनुभव आपल्याकडे सातवीतल्या पोराला पण आहे, त्यामुळे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे सभामंडपात जी शांतता पडते ती मी इतर कुठल्या सिनेमात फार ऐकलेली नाही. एकदा हा सिनेमा संपल्यावर मुलांशी बोलणं चाललेलं आणि मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "माझो झील रोज सकाळी फूल पाठयता मोबाईलवर. मी पण पाठयतंय. पण बोलणा काय नाय." झील म्हणजे मुलगा. एवढंच म्हणाल्या आणि मग त्यांच्या बाजूची नववीतली नात, ती आजीकडेच राहते आणि आईबाप मुंबईला, ती म्हणाली की मलापण तेच फूल येतं.

हे जरा नीट सांगतो कारण आपल्याकडचा एकटेपणा या सिनेमांतल्या शहरांसारखा नाही. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या सिनेमात माणूस गर्दीत एकटा असतो. आपल्याकडे वाडीत दहा घरं, त्यातली सहा कुलूपबंद, गणपतीला आणि शिमग्याला उघडणार, चाकरमानी गेले की परत कुलूप, आणि मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. तिथे फोन हा दुरावा आणणारी गोष्ट आहे असं सरसकट म्हणणं मला अजिबात पटत नाही, कारण कित्येक घरांत तो एकमेव धागा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली मंडणगडकडे टॉवर बंद पडले, लाइट गेली, आणि मुंबईत बसलेल्या माणसांना आपले आईबाप सुखरूप आहेत का ते कित्येक दिवस कळत नव्हतं. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना तुम्ही मोबाईलने माणसं तोडली असं ऐकवलंत तर ते मान हलवतील आणि दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. म्हणून प्रश्न असा ठेवा की धागा आहे, पण त्या धाग्यावरून काय जातंय, नुसतं फूल जातंय की बोलणं जातंय.

दुसऱ्या दिवशी 'एट्थ ग्रेड', पण हा मोठ्या मुलांना आणि पालकांना, आणि आधी तुम्ही स्वतः बघून घ्या. बो बर्नहॅमचा, २०१८ चाच. हा माणूस स्वतः सोळाव्या वर्षी घरातल्या खोलीत बसून यूट्यूबवर गाणी टाकून प्रसिद्ध झाला, पुढे स्टेजवर त्याला पॅनिक अटॅक यायचे हे त्यानेच सांगितलंय, म्हणजे बाहेरून मुलांकडे बघून केलेला सिनेमा हा नाही. केला नावाची तेरा वर्षांची मुलगी, आठवीचा शेवटचा आठवडा, ती आत्मविश्वास कसा ठेवायचा, स्वतःसारखं कसं राहायचं असे व्हिडिओ करून टाकते, ते जवळजवळ कोणी बघत नाही, आणि शाळेत मुलं तिला सगळ्यात गप्प मुलगी म्हणून निवडतात. तोंडावर पुटकुळ्या तशाच ठेवल्यात, मेकअपने झाकलेल्या नाहीत, एल्सी फिशर ही मुलगी शूटिंगच्या वेळी नुकतीच खरोखरची आठवी संपवून आलेली. जेवणाच्या टेबलावर बाप बोलायला बघतोय आणि ही कानात इअरफोन घालून फोन सरकवतेय, हा प्रसंग आला की पालक एकमेकांकडे बघतात, आमच्या घरात पण हेच. पण दिग्दर्शक तिथे मुलीवर रागवत नाही, बापावरही नाही. पुढे एका रात्री अंगणात शेकोटीपाशी ती बापाला विचारते की मी तुझी मुलगी आहे याचं तुला वाईट वाटतं का, आणि तो जे उत्तर देतो ते मी लिहीत नाही, तुम्ही पालकांना मुलांच्या शेजारी बसवून ते ऐकू द्या.

का जपून म्हणतोय तेही सांगतो. त्यात गाडीत एक मोठा मुलगा तिला अडचणीत आणतो असा प्रसंग आहे, काही होत नाही पण बघताना पोटात गोळा येतो. अमेरिकेत त्याला आर सर्टिफिकेट मिळालं, म्हणजे सतराच्या आतल्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही, ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांनाच बघता येईना, तेव्हा वितरकांनी ऑगस्ट २०१८ मध्ये एका रात्री प्रत्येक राज्यात एक फुकट शो ठेवला आणि वय विचारलं नाही. माझं मत, अकरावी बारावीच्या मुलामुलींनी तो प्रसंग बघावा, त्यावर बोलावं, मुलींनी तर नक्कीच, आणि मुलांनी त्याहून जास्त. नववी दहावीसाठी तेवढा भाग वगळा किंवा त्यांना या शोला बोलवू नका.

'हर' बद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. स्पाइक जोन्झचा, २०१३ चा, उत्तम सिनेमा, पण मुलांना पूर्ण दाखवायचा नाही, त्यात शारीरिक संबंधांचे प्रसंग आहेत. मोठ्यांच्या गटाला दाखवा. नायक थिओडोर एका कंपनीत दुसऱ्यांसाठी पत्रं लिहायच्या नोकरीला असतो, कोणाच्या नवऱ्याच्या वतीने, कोणाच्या मुलाच्या वतीने, प्रेमाने ओथंबलेली, आणि स्वतःच्या घटस्फोटाच्या कागदावर सही करायला त्याचा हात उठत नाही. मग तो एका बोलणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रेमात पडतो. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे दाखवलं की ते लगेच सांगतात, गिरणीत नवरा असलेल्या बायकांची पत्रं पोस्टमन नाहीतर मास्तर लिहून द्यायचे, मनीऑर्डरच्या खालच्या चार ओळींत काय काय मावायचं, आणि लिहिणाऱ्यासमोर बाईला काय बोलता यायचं नाही. ही चर्चा एवढी रंगते की तुम्हाला विषय द्यावाच लागत नाही. सिनेमात एका ठिकाणी तो तिला विचारतो की तू माझ्याशी बोलतेस तेव्हा आणखी कोणाशी बोलतेस, आणि ती आकडा सांगते ८३१६, आणि त्यातल्या ६४१ जणांवर प्रेम आहे म्हणते. २०१३ मध्ये ही कल्पना होती. आज आपल्या तालुक्यातलं पोरगं रात्री चॅटबॉटशी मनातलं बोलतं, आई रागावली, मार्क कमी पडले, सगळं त्यालाच सांगतं, कारण तो कंटाळत नाही आणि गावभर करत नाही. त्या पोरांची बाजू समजून घ्यायची असेल तर पालकांनी हा सिनेमा बघायलाच हवा.

बाकीचे पटापट सांगतो. 'द सोशल नेटवर्क', २०१० चा, फेसबुक कसं सुरू झालं त्याचा, फार वेगवान इंग्लिश बोलणं, सबटायटल वाचता वाचता लोक दमतात, पण शेवटची दोन मिनिटं जरूर दाखवा, ज्याने अख्ख्या जगाला फ्रेंड रिक्वेस्ट शिकवली तो एकटा बसून एका मुलीला रिक्वेस्ट पाठवतो आणि पान रिफ्रेश करत राहतो. 'खो गए हम कहाँ' २०२३ चा हिंदी, मुंबईतले तीन मित्र, मुलांना आवडतो, जुन्या बॉयफ्रेंडचं इन्स्टा परत परत उघडून बघायचा भाग अगदी खरा उतरलाय, शेवटाकडे मात्र सगळं समजावून सांगायची घाई झालीय. 'कंट्रोल' २०२४ चा विक्रमादित्य मोटवानेचा, तोही स्क्रीनवरच घडणारा, ब्रेकअप झालेली इन्फ्लुएन्सर मुलगी एका एआयला सांगते की माझ्या सगळ्या फोटो व्हिडिओतून हा मुलगा पुसून टाक, ही कल्पनाच जबरदस्त आहे, 'सर्चिंग' नंतर वर्षभराने लावायला चांगला. जपानचा 'कायरो', कियोशी कुरोसावाचा, हा २००१ चा म्हणजे फेसबुकच्याही आधीचा भुताचा सिनेमा, त्यात कॉम्प्युटरवर ठिपक्यांचा एक प्रोग्राम चाललेला असतो, दोन ठिपके फार जवळ आले की मरतात आणि फार लांब गेले की परत ओढले जातात. हा सिनेमा मंद आहे, गावात चालणार नाही, पण तुम्ही स्वतः नक्की बघा.

तिसरा दिवस मराठीला आणि कोकणाला द्या, आणि इथे मी थोडा हट्ट धरेन. तुम्ही म्हणाल मराठीत या विषयावर काय आहे. अविनाश अरुणचा 'किल्ला' लावा. सोशल मीडिया त्यात नावालाही नाही आणि म्हणूनच लावा. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील गेलेले, आईची सरकारी नोकरीत कोकणात बदली झालेली, नवीन शाळा, नवीन मुलं, आणि एकदा किल्ल्यावर पाऊस भरून येतो आणि मित्र त्याला सोडून निघून जातात, तो एकटा आत सापडतो. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २०१४ ला या सिनेमाला मुलांच्या ज्युरीचं क्रिस्टल बेअर मिळालं, म्हणजे जर्मन पोरांना आपल्या पावसातला हा मुलगा कळला. आपल्या मुलांना तर जांभा, शेवाळ, खेकडे पकडणं, सगळंच ओळखीचं. दोन दिवस स्क्रीनवरची माणसं बघून झाल्यावर हा बघितला की मुलं आपणहून म्हणतात, याच्याकडे फोन असता तर काय झालं असतं. काही म्हणतात बरं झालं असतं, पुण्याच्या भावाशी बोलला असता. काही म्हणतात मग तो होडीतून समुद्रात गेलाच नसता. त्या वादात तुम्ही पडू नका, त्यांना भांडू दे.

वयस्कर मंडळींसाठी त्याच अविनाश अरुणचा हिंदी 'थ्री ऑफ अस' आहे, २०२३ मध्ये थिएटरला आलेला, स्मृती जात चाललेली बाई नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला लहानपणीच्या गावी येते आणि शाळेतल्या मित्राला भेटते. वेंगुर्ला तुमच्यापासून लांब नाही, लोक जागा ओळखण्यातच अर्धा वेळ घालवतील, घालवू दे. आणि वेळ उरला, गाणं ऐकणारी माणसं असली तर चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल', २०२० ला व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालेला मराठी सिनेमा. शास्त्रीय गाणारा शरद नेरूळकर रात्री रिकाम्या रस्त्यांवर बाइकवरून जाताना कानात गुरूच्या गुरूंची, माईंची, जुनी रेकॉर्डिंगं ऐकत असतो, तो आवाज दिला दिग्दर्शिका सुमित्रा भावेंनी, आणि घरी येऊन यूट्यूबवर स्वतःच्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचत बसतो. साधना आणि कमेंट यांच्यामध्ये चिरडला गेलेला इतका खरा माणूस मी दुसरीकडे कुठे बघितलेला नाही.

आता दाखवायचं कसं. 'सर्चिंग' मध्ये सगळं स्क्रीनवरच्या अक्षरांत आहे, लहान टायपात, इंग्लिशमध्ये, म्हणून पडदा मोठा हवा आणि माणसं जवळ हवीत. मी प्रत्येक वयस्कर माणसाशेजारी एक शाळेतलं मूल बसवतो आणि त्या मुलाला काम देतो की महत्त्वाचा मेसेज आला की हळू आवाजात मराठीत सांगायचं. हॉलमध्ये थोडी कुजबुज राहते, राहू दे, त्या कुजबुजीने सिनेमा दोघांना मिळून कळतो आणि नंतर बोलायला तीच दोघं आधी तोंड उघडतात. दारात फोन गोळा करू नका, त्याने पहिल्याच मिनिटाला मुलं विरुद्ध मोठे अशी फळी पडते. संपल्यावर काय शिकलात असं विचारू नका, कुठल्या क्षणी तुम्हाला फोन काढावासा वाटला असं विचारा, मोठ्यांनाही विचारा, त्यांचे हात जास्त वेळा खिशाकडे गेलेले असतात.

एखादं मूल बोलता बोलता घरचं, मनातलं काही जड सांगून बसतं, हे होतं. सगळ्यांसमोर ते उकरू नका, नंतर बाजूला घेऊन ऐका, आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आधीच फळ्यावर लिहून ठेवा, सरकारी आहे, फुकट आहे, २०२२ पासून चालू आहे.

परवानगीचं शेवटी लिहितोय पण करायचं सगळ्यात आधी. घरचं नेटफ्लिक्स अकाउंट हॉलमध्ये लावायला चालत नाही, त्यांच्या काही डॉक्युमेंटरींना शैक्षणिक शोची मुभा असते, ती त्या त्या डॉक्युमेंटरीच्या माहितीत लिहिलेली असते. तुमच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे जवळच्या हायस्कूलला बरोबर घ्या आणि कार्यक्रम शाळेचा करा, तिकीट ठेवू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळा-कॉलेजच्या उपक्रमात सिनेमा दाखवायला सूट आहे, अट अशी की बघणारे विद्यार्थी, शिक्षक, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसं एवढेच असावेत. मुंबईला आईबाप असलेल्या मुलांचे इथले पालक म्हणजे आजी-आजोबाच, शाळेच्या रजिस्टरला नाव त्यांचंच असतं, तेव्हा वाडीतली बरीचशी मंडळी त्यात बसतील. हेडमास्तरांचं पत्र घेऊन ठेवा, आणि तारखा ठरवताना भाऊबीज टाळा, त्या दिवशी कोणी येत नाही.